कागदावरचा भाडेकरू

मी सात वर्षं गोजरबाईंच्या घरी भाड्याने राहिलो. जांभूळखेडला, शाळेला लागून, कडुलिंबाच्या बाजूची खोली. हे मी म्हणत नाही, कागद म्हणतो. कागदावर माझं मोत्यासारखं अक्षर आहे, खाली गोजरबाईंचा अंगठा आहे आणि बाजूला सरपंचांचा गोल शिक्का. प्रत्यक्षात मी राहतो बुलढाण्याला, बायकापोरांसकट, दोन खोल्या-किचनमध्ये, आणि त्या कडुलिंबाच्या बाजूच्या खोलीचं दार कोणत्या रंगाचं आहे हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं.

आमच्या खात्यात याला कोणी खोटं म्हणत नाही. याला ‘अपडाऊन’ म्हणतात. देऊळघाटच्या पुढे सात-आठ किलोमीटरवर माझी जिल्हा परिषदेची शाळा. सकाळी साडेनऊला गाडीला किक मारायची, डबा हँडलला अडकवायचा, सव्वादहाला शाळेत. पाच वाजले की परत. नियम असा की मास्तराने नोकरीच्या गावात, म्हणजे मुख्यालयी राहावं, तर त्याला घरभाडे भत्ता. आता मुख्यालयी राहून करायचं काय? ऋत्विकची इंग्लिश शाळा बुलढाण्याला, संजीवनीची शिवणाची गिऱ्हाइकं बुलढाण्याला, माझा दाढीवाला न्हावी बुलढाण्याला. म्हणून प्रत्येक मास्तराची त्या-त्या गावात कागदावर एक खोली असते. कोणाची मारुतीच्या देवळामागे, कोणाची पिठाच्या गिरणीवर. एका गुरुजींची तर अशा घरात होती की जे घर पाच वर्षांपूर्वीच पडलं होतं. त्या मानाने माझी खोली उभी होती, याचा मला अभिमानच होता.

गोजरबाई म्हणजे सत्तरीच्या आतबाहेरच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मलकापूरला कापसाच्या जिनिंगवर, तिकडेच घर करून राहिलेला. विहिरीजवळच्या तुकड्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायच्या आणि डोक्यावर टोपली घेऊन देऊळघाटच्या बाजारात बसायच्या. आवाज खणखणीत. तोलूनमापून बोलणं त्यांना माहीत नव्हतं, पण माप मात्र बरोबर. मेथीची जुडी बांधताना एक काडी जास्तच घालायच्या. गिऱ्हाइकाने घासाघीस केली तर म्हणायच्या, “पटत नसन तं नको घेऊ बापा, पन माह्या मेथीले नाव नको ठेवू.”

सात वर्षांपूर्वी मी बदलून आलो तेव्हा सरपंच शेषरावांनीच मला त्यांच्याकडे नेलं. मी रात्री घरी बसून कागद लिहूनच आणला होता. ‘श्री. दयाराम हे जूनपासून माझे घरी भाड्याने राहत असून...’ वगैरे. मी म्हणालो, “मावशी, मी तुमच्याकडे राहतो असं लिहून द्यायचं आहे.”

“राहा ना बाप्पा,” त्या म्हणाल्या. “खोली रिकामीच हाये पोराची. काऊन नाई? मास्तर मानूस घरात असला तं बरंच.” आणि शाईचा अंगठा असा दाबून उठवला की कागद मागून फुगला.

मी समजलो, म्हातारी हुशार आहे, सगळं समजून आहे. जाताना मी हसलो, त्याही हसल्या. माझ्या लेखी व्यवहार झाला.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. मी पाच वाजता गाडी काढली की कुंपणावरून हाक यायची, “मास्तर, कवा येता राहाले?” मला वाटायचं, म्हातारी फिरकी घेते. मग मीही फिरकी परत करायचो. “येतो ना मावशी, पोराची परीक्षा झाली की.” एप्रिलमध्ये परीक्षा व्हायची. मग, “पाऊस उघडला की.” पाऊस उघडायचा. मग, “बायकोच्या गुडघ्याचं जरा बघतो अन् येतो.” संजीवनीचे गुडघे तुमच्याआमच्यापेक्षा चांगले आहेत, पण सात वर्षांत मी त्यांचे इतके हाल केले की विचारू नका. गोजरबाई मान हलवायच्या. “हाव, दुखन्यापुढं कोनाचं काय चालते. घ्या, वांगी घेऊन जा बाईले.”

आणि मी वांगी घ्यायचो. हे मी आज लिहून ठेवतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मास्तरने हे लपवलं. जगात भाडेकरू घरमालकाला काहीतरी देतो. मी असा भाडेकरू की पिशवी घेऊन यायचो आणि भरून न्यायचो. संजीवनी म्हणायची, “तुमच्या त्या मावशींना एकदा साडी तरी नेऊन द्या.” मी म्हणायचो, “देतो, दिवाळी झाली की.”

यंदा मात्र नवा कायदा आला. आधी मोबाईलवर आला, मग पेपरात, मग पंचायत समितीच्या पत्राने. जो कर्मचारी मुख्यालयी राहत नाही त्याचा भत्ता बंद, वर मूळ पगारातूनही कपात. आणि तो राहतो की नाही हे सरपंचाचा शिक्का सांगणार नाही, ग्रामसभा सांगेल, अधिकाऱ्यासमोर. आमच्या तोंडचं पाणी पळालं. बुलढाण्यात सभा झाली. त्या सभेत मी भाषण केलं. होय, मीच. “हा आमच्या पोटावर पाय आहे! शिक्षक राष्ट्राचा कणा आहे आणि कण्यालाच तुम्ही कापायला निघालात!” टाळ्या पडल्या. भाषण संपवून खाली बसलो आणि शेजारच्याला हळूच विचारलं, “तुझी खोली बरी आहे का रे? मला कप-बशी, स्टोव्ह वगैरे काही लागलं तर देशील?” राष्ट्राचा कणा स्टोव्ह मागत होता.

जांभूळखेडची खास ग्रामसभा मंगळवारी ठरली. विस्तार अधिकारी प्रतीक्षा मॅडम येणार, आधी खोली बघणार, मग सभेत विचारणार. मी सोमवारी रात्री जेवलोच नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती खोली दिसत होती. कांदे पसरलेले, कोपऱ्यात फवारणीचा पंप, वर वटवाघूळ. सभेतल्या त्या शेजाऱ्याने दिलेल्या स्टोव्हबरोबर संजीवनीने एक जुनं पातेलं, एक चादर, दोन ताटल्या बांधून दिल्या. “पातेलं परत आणा हं. त्यात दही लागतं चांगलं.” नवऱ्याच्या पगारावर कुऱ्हाड आली होती आणि बाईला दह्याची पडली होती. मी चिडलो. पण पातेलं घेतलं.

मंगळवारी सकाळी आठलाच गोजरबाईंच्या दारात उभा राहिलो. त्या अंगणात सडा टाकत होत्या. माझ्या हातातलं गाठोडं बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

“आले का मास्तर! आले का!” हात पदराला पुसत त्या किल्ली आणायला आत धावल्या. सत्तरीची बाई धावली.

दाराचा रंग हिरवा आहे. कुलूप उघडलं, दार लोटलं आणि मी उंबऱ्यावरच थांबलो.

कांदे नव्हते. पंप नव्हता. चुना दिलेल्या पांढऱ्या भिंती. नव्या नवारीची खाट, तिच्यावर धुतलेली गोधडी. कोपऱ्यात तिवईवर माठ, माठावर झाकण, झाकणावर पेला उपडा. भिंतीत एक फळी ठोकलेली. खिडकीजवळ खिळा, त्याला आरसा टांगलेला, बरोबर माझ्या उंचीवर. गोजरबाई माझ्या खांद्याला लागतात. तो आरसा त्यांनी स्वतःसाठी तेवढ्या उंचीवर लावलेला नव्हता.

“हे... हे कोणी केलं?”

“कोन करन? मीच. फळी सुताराकून ठोकून घेतली, तुमची पुस्तकं ठेवाले. दर साली चुना देते. माठातलं पानी रोज बदलते, उन्हाळ्यात दोनदा. म्हनलं, मास्तर अवचित आले तं तहानलेले नको राहाले.” मग जरा आवाज खाली घेऊन म्हणाल्या, “ते पूनम सिस्टर नाई का, दवाखान्याची? तीन खेपा आली. मावशी खोली द्या, भाडं देते, रात्रीच्या बाळंतपणाले गावात राहाव लागते, मले देऊळघाटून येव लागते. मी म्हनलं, बाई, खोली मास्तरची हाये. अंगठा देला मी.”

मला लाज वाटली का? वाटली. खरंच वाटली, कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी सात वर्षं फिरकी समजत होतो, आणि ही बाई सात वर्षं माझी वाट बघत होती. पूनम सिस्टर, जी या उपकेंद्राची आरोग्यसेविका, जी पावसात रात्री-बेरात्री स्कुटी ढकलत यायची, तिला मी, स्वतः न राहता, बाहेर ठेवलं होतं. हे सगळं मला कळलं. पण किती वेळ? काडी ओढून बिडी पेटेल तेवढा. कारण त्याच्या लगेच मागून दुसरा विचार आला, की दयाराम, वाचलास! अशी खोली तर खरोखर राहणाऱ्याचीही नसते!

मग मी कामाला लागलो. अंगातला बनियन काढून दाराच्या कडीला टांगला. फळीवर शाळेतून आणलेली चौथीची चार पुस्तकं लावली, एक उघडं ठेवलं, म्हणजे वाचता वाचता उठलो असं वाटावं. उंबऱ्याशी जुनी चप्पल. आणि मग माझ्या बुद्धीचा कळस झाला. खिशातला दात घासायचा ब्रश काढून मी माठातल्या पाण्यात ओला केला आणि आरशाखाली ठेवला. अधिकारी हुशार असतात, ब्रश कोरडा आहे का बघतात, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. गोजरबाई दारात उभ्या राहून कौतुकाने बघत होत्या. त्यांना वाटत होतं, माणूस सामान लावतोय.

साडेदहाला प्रतीक्षा मॅडम आल्या. वय सव्वीस-सत्तावीस, हातात फाईल, तोंडाला स्कार्फ. मी सोबत सरपंचांना घेऊन खोली दाखवली. मॅडमनी भिंती बघितल्या, माठ बघितला, उघडं पुस्तक बघितलं. आरशापाशी थांबून ब्रशला बोट लावलं. मी श्वास रोखला. त्यांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. बाहेर पडताना म्हणाल्या, “सर, बाकी गावांत मी आत्तापर्यंत जे बघितलं ना, त्यापेक्षा तुमची खोली फारच नीट आहे.”

“टापटीप लागते मला,” मी म्हणालो. खरं सांगतो, असंच म्हणालो.

सभा ग्रामपंचायतीच्या ओट्यापुढे भरली. सत्तर-ऐंशी माणूस. ग्रामसभेला एरवी कोरम भरत नाही, पण मास्तरचा पगार कापायचा आहे म्हटल्यावर गाव लोटलं. शेषरावांना घाई होती. त्यांनी ठराव आधीच लिहून आणला होता, ‘सर्वानुमते मंजूर’ यासकट. ते वाचायला उठले तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “एक मिनिट. कायद्याप्रमाणे घरमालकाचा जबाब आधी घ्यावा लागतो. गोजरबाई कोण?”

गोजरबाई पुढे आल्या. बाजारात जाताना नेसायचं हिरवं लुगडं नेसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती. माझ्या चेहऱ्यावर होती. कारण मला आत्ता, त्या क्षणी आठवलं की त्यांना काय बोलायचं हे मी सांगितलंच नव्हतं. ब्रश ओला करण्याच्या नादात माणूस विसरलो.

“मावशी,” मॅडम म्हणाल्या, “दयाराम सर तुमच्या घरी राहतात?”

“खोली त्याईचीच हाये.”

“हो, खोली बघितली मी. पण राहतात का?”

“येनार हायेत.”

ओट्यावर कोणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी पेन खाली ठेवला. “येणार? कधी?”

“परीक्षा झाली की येतो म्हने. मंग पावसाचं झालं, मंग बाईचे गुडघे. आता आले नाई का सामान घेऊन सकाळीच?” गोजरबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. आता सगळं गाव हसत होतं. त्या गावाकडे वळून रागावल्या. “हसता काऊन बे? सात वर्सं झाले तं झाले. येतो म्हनला तं येईनच. मास्तर खोटं नाई बोलत. तुमच्या पोट्ट्याईले शिकवते तो मानूस!”

हसणं वाढलं. मी बाकावर बसून माझ्या बुटांकडे बघत होतो. माझं आयुष्यात कोणी इतक्या मोठ्याने कौतुक केलं नव्हतं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फाईलमधून तो कागद काढला. माझं मोत्यासारखं अक्षर. “मावशी, यात लिहिलंय की सर सात वर्षांपूर्वीच्या जूनपासून तुमच्या घरी राहतात. हा अंगठा तुमचा आहे?”

“माहाच.”

“मग हे खोटं लिहून दिलं तुम्ही. नव्या कायद्यात खोटा दाखला देणाऱ्या घरमालकावर गुन्हा आहे. मला तुमचं नाव कळवावं लागेल.”

गोजरबाईंना ते एकदम कळलंच नाही. त्यांनी कागदाकडे पाहिलं, स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी कसातरी निभावून नेलं असतं. त्या नजरेत असं होतं की, मास्तर, हे काय म्हनते ही पोरगी, तुमी समजवून सांगा ना तिले. लुगड्याचा काठ त्यांनी मुठीत घट्ट धरला होता.

मी काय केलं? आधी शेषरावांकडे पाहिलं. सरपंच आहेत, शिक्का त्यांचा आहे, काहीतरी बोलतील. शेषराव खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या पायात बूट नसतोच, चप्पल असते. मग मी आकाशाकडे पाहिलं. तिथून काही आलं नाही. मग माझ्या मनात हिशेब झाला, तोही सांगून टाकतो: म्हातारी आहे, तिला कोण कोर्टात नेणार, दोन महिन्यांत फाईल थंड होईल. हा हिशेब मी केला. मास्तर, वय अठ्ठेचाळीस, राष्ट्राचा कणा.

पण लुगड्याचा काठ त्यांच्या मुठीतून सुटत नव्हता.

मी उठलो. माझ्या तोंडातून शब्द निघाले ते असे, “सदर प्रकरणी माझे नम्र निवेदन असे की...” लोक पुन्हा हसले. मी थांबलो. मग म्हणालो, “मॅडम, कागद मी लिहिला. मावशींना वाचता येत नाही. मी राहतो असं लिहून द्या म्हणालो तेव्हा त्यांना वाटलं मी राहायला येणार आहे. त्यांचा काही दोष नाही. मी कधीच येणार नव्हतो.”

“आणि तो ओला ब्रश?” मॅडमनी विचारलं.

“सकाळी ओला केला. माठात.”

मग जो हशा झाला तो मी कशाला सांगू. शेषराव नाडी सोडून ओट्याला धरून हसत होते. मलाही हसू आलं, खोटं का बोलू, सुटल्यासारखं वाटलं म्हणून आलं. फक्त गोजरबाई हसल्या नाहीत. त्या मागे वळल्या आणि गर्दीतून वाट काढत चालू लागल्या. त्यांना वाट द्यायला लोक बाजूला झाले तेव्हा हसणं थांबलं.

मॅडमनी माझा जबाब लिहून घेतला. त्यात गोजरबाईंचं नाव ‘फसवणूक झालेली घरमालक’ म्हणून आलं, गुन्ह्यातून वगळलं. माझं नाव जिथे यायचं तिथे आलं. भत्ता बंद, पगारात कपात. बुलढाण्यात बातमी माझ्या आधी पोचली होती. सभेत टाळ्या वाजवणारे फोन करून म्हणाले, “तुले काऊन एवढी हौस आली बे खरं बोलाची? आता आमच्या खोल्या बारीक पाहतीन ना!” स्टोव्ह देणाऱ्याने स्टोव्ह परत मागितला. संजीवनी आधी खूप चिडली. मग सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, “म्हातारीवर गुन्हा लागला असता तर मी तुमच्या घरात राहिले नसते.” मी म्हणालो, “म्हणजे मग तूही कागदावरच राहिली असतीस.” ती हसली नाही. पातेलं धुवायला गेली.

तीन-चार दिवस मला झोप लागेना. डोळ्यांसमोर सारखा तो आरसा यायचा. शेवटी रविवारी मी ठरवलं. जायचं. खरोखर राहायला जायचं. सोमवार ते शनिवार तिकडे, रविवारी इकडे. भत्ता मिळो न मिळो, आता माणूस म्हणून जायचं. संजीवनीने काही न बोलता गादी गुंडाळून दिली. ऋत्विकने गाडीच्या कॅरिअरला बांधून दिली.

आणि आता माझी कमाल ऐका. त्या पूर्ण रस्त्याने, बुलढाणा ते जांभूळखेड, मी मनात तो प्रसंग रंगवत होतो. मी गादी घेऊन दारात उभा. गोजरबाईंच्या डोळ्यांत पाणी. “मास्तर, आले!” मी म्हणतो, “मावशी, चुकलो. पण बघा, आलो.” मग त्या पदराने डोळे पुसतात. गाव बघतं. शेषराव खाली मान घालतात. देऊळघाटला चहा घ्यायला थांबलो तेव्हा माझेच डोळे भरून आले होते. चहावाल्याने विचारलं, “धूर लागला का सर?”

गोजरबाईंच्या अंगणात एक पांढरी स्कुटी उभी होती. हिरव्या दारातून धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन पूनम सिस्टर बाहेर आली. माझ्याकडे, माझ्या गादीकडे बघून ती कावरीबावरी झाली. “सर... मावशींनी मला मंगळवारीच बोलावलं. सभेतून निघाल्या आणि सरळ दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, ये राहायला.”

गोजरबाई ओसरीवर मेथी निवडत होत्या. मान वर केली. “बसा मास्तर.”

मी बसलो. “मावशी, मी राहायला आलो.”

“खोली देली मी.”

“कळलं. पण मी... मी येणारच होतो हो.” तोंडातून निघून गेलं. सात वर्षांची सवय.

मेथीची काडी त्यांच्या हातातच थांबली. “मास्तर,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खणखणीत नव्हता. “कागद खोटा केला त्याचं मले काई नाई. सरकारले समदेच फसवते, तुमीबी फसवलं. मले काऊन फसवलं? रोज या दारावरून जात होते. एक दिवस गाडी उभी करून म्हनले असते, मावशी, मी येत नाई, माही वाट नको पाहू, तं मी काय खाल्लं असतं तुमाले? घरात रातच्याले दुसरा मानूस असला तं कसं वाटते, हे मले पोरगा मलकापूरले गेल्यापासून ठाऊक नाई. हे पोरगी सात वर्सं आधी राहाले आली असती ना माह्या घरी.”

पूनम दोरीवर कपडे टाकत होती, तिने पाठ केली.

मी उठलो आणि गादी पुन्हा कॅरिअरला बांधायला लागलो. दोरी सारखी सुटत होती. गोजरबाई ओसरीवरून उतरून आल्या आणि त्यांनी दोरीचं दुसरं टोक धरलं.

“गाठ पक्की मारा,” त्या म्हणाल्या. “रस्त्यात सुटते.”

त्यांनी दोरी धरली नसती तर मला बरं वाटलं असतं.